कासवाचं बटण

मिस्त्रींचा पहिला आक्षेप असा होता, की त्या फळीला कठडा नाही. चौतीस वर्षं लिफ्टची देखभाल केलेल्या माणसाला अधांतरी तरंगणारी फळी आणि तिच्यावर नाचणारी जनावरं बघून जे वाटायचं, तेच त्यांना वाटलं.

“याला परवानगी कुणी दिली?”

“बाबा, खेळ आहे हा,” लेक म्हणाली. “एकमेकांना फटके मारून फळीवरून पाडायचं. तीनदा पडला तो हरला.”

“म्हणजे अपघात हाच उद्देश.”

“हाच उद्देश.”

तेव्हा घरात तिच्या बॅगा भरणं चाललं होतं. नोकरी लागली होती ती इतकी लांब, की इथे सकाळ झाली की तिथे संध्याकाळ व्हायची. जाण्यापूर्वी तिने टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून दिलं आणि मिस्त्रींसाठी एक पोक्त कासव निवडलं. मारामारी काही त्यांना जमेना. जन्मभर लोकांना पडू न देण्याचा पगार घेतलेला माणूस, पाडायला हात उचलेल कसा? शेवटी तिने एकच बटण शिकवलं. दाबलं की कासव अर्धा सेकंद कवचात जातं. नेमका त्याच वेळी फटका आला, तर दीडपट होऊन मारणाऱ्यावरच उलटतो. आधी दाबलं, तर कासव मान बाहेर काढून मार खायला हजर.

“हे जमेल तुम्हाला,” ती म्हणाली. “तुम्ही बोलता पण असंच.”

यात अतिशयोक्ती नव्हती. फक्त तीही तशीच बोलायची, हे सांगायचं तिने टाळलं. दर रविवारी सकाळी नऊला दोघं हेडफोन लावून खेळायला बसत.

“जेवलीस का?”

“तुमचा नाश्ता झाला का?”

“माझं सोड. तब्येत कशी आहे?”

“मला काय धाड भरलीय? तुमचा गुडघा काय म्हणतोय?”

“जागेवर आहे. तुझी सर्दी?”

गेलेला प्रश्न तसाच्या तसा परत येई, कुणाला ओरखडाही न उठवता. घरात थेट बोलण्याचं खातं मिस्त्रींच्या बायकोकडे होतं. ती वारल्यापासून त्या जागेवर कुणाची नेमणूक झाली नव्हती.

चार मिनिटांत मिस्त्री तीनदा पडत, आणि लेक म्हणे, “चला, ठेवते.” तिला कपडे धुवायचे असत, सामान आणायचं असे. खोटं काहीच नसे. पण सात दिवसांना चार मिनिटं हा हिशोब मिस्त्रींना पुरेना. त्यांनी कारागिराच्या डोक्याने विचार केला: डाव संपतो कशामुळे? आपण पडतो म्हणून. तर मग पडायचंच नाही.

लिफ्टच्या तपासणीची जुनी वही निघाली. लेक नेहमी माकड घ्यायची. वहीत नोंद झाली: ‘माकडाने शेपूट उचलल्यावर एक श्वास. मग दाबणे.’ शेजारचे चित्रकलेचे मास्तर चहाला आले, ते टीव्हीसमोर थबकले.

“मिस्त्री, या वयात माकडाशी मारामारी?”

“मारामारी नाही. देखभाल चालू आहे.”

रविवारी माकडाने शेपूट उचलली. एक श्वास. बटण. माकड दिसेनासं झालं. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. एक मिनिट चाळीस सेकंद.

“बाबा! जिंकलात की हो! कमाल केलीत!” लेक ओरडली. “चला, मग ठेवते.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले. पडद्यावर कासवावर फुलं पडत राहिली. हेडफोनमध्ये कुणी नव्हतं, तरी मिस्त्रींनी ते बराच वेळ काढले नाहीत. जिंकल्यानेही डाव संपतो, ही नोंद वहीत करायची राहून गेली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी हरायचंही नाही आणि जिंकायचंही नाही असं ठरवलं. राज्यकर्त्यांना हे सहज साधतं. मिस्त्रींना घाम फुटला. माकड आलं की कासव पलीकडच्या टोकाला. तिथे कवचात. पुन्हा अलीकडे. पुन्हा कवचात.

“बाबा, खेळताय की रांगेत उभे आहात?”

“जपून खेळतोय. कठडा नाहीये.”

“नऊ मिनिटं झाली.”

“झाली का?” मिस्त्री इतक्या निरागसपणे म्हणाले, की ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

माकड फळीच्या मधोमध थांबलं. हेडफोनमध्ये तिच्या खोलीतला नळ ठिबकताना ऐकू येत होता. वायसर गेला असावा, मिस्त्रींच्या मनात आलं. बदलायला पाच मिनिटं लागली असती.

“बाबा, मागच्या रविवारी मी ठेवते म्हणाले तेव्हा तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात.” ती म्हणाली. “एकटं वाटतं का हो?”

उत्तर तयारच होतं. ‘तुला वाटतं का?’ एवढं म्हटलं की झालं. सवयीने तिच्या माकडाने शेपूटही उचलली होती. एक श्वास. मिस्त्रींचा अंगठा बटणावर होता.

त्यांनी दाबलं नाही.

“वाटतं,” ते म्हणाले. “पोळ्या अजून दोघांच्या होतात. कधी येतेस?”

फटका बसला. कासव गरगरत फळीवरून गेलं.

माकड फळीच्या कडेला जाऊन खाली बघू लागलं. नळ तेवढा ठिबकत होता.

“माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली. “रजा मागितलीच नाही मी अजून. मागितली आणि नाही म्हणाले तर, म्हणून. उद्या मागते.”

“नाही म्हणाले तर?”

“तर तुम्हाला सांगेन. मजेत आहे असं नाही सांगणार.”

पडलेलं कासव वरून एका छोट्या पाळण्यात बसून परत येतं. आजवर मिस्त्री घाईघाईने उडी मारत. आज त्यांनी कुठलंच बटण दाबलं नाही, तेव्हा कळलं, की आपण हललो नाही तर पाळणाही तसाच वर थांबतो. नीट बघितलं. त्याला तिन्ही बाजूंनी कठडा होता.

“उतरा ना खाली,” लेक म्हणाली.

“उतरतो. काम आहे का तुला?”

“कपडे आहेत धुवायचे.” मग जरा वेळाने, “राहू देत.”

माकड पाळण्याच्या बरोबर खाली येऊन उभं राहिलं, आणि शेपूट न उचलता वर बघत बसलं.