टाकीतला ठोका

आर्गॉन वायूला वास नसतो. तो प्राणवायू हटवून टाकीच्या तळाशी साचतो आणि माणूस निमूटपणे कायमचा झोपी जातो. म्हणून आमच्या बर्गनच्या कारखान्यात माझा दंडक होता: टाकीत टिग वेल्डिंग, म्हणजे आर्गॉनच्या आवरणाखाली धातूचे सांधे जोडण्याचे काम, करणाऱ्याने दर मिनिटाला पत्र्यावर ठोका द्यायचा. प्राणवायू मोजणारे यंत्र मीच नाकारले होते.

त्या सकाळी आत माझी नात इंगविल होती. ठोके थांबले. मी वायू बंद केला आणि तिच्या कमरेची दोरी ओढत किंचाळले, "इंगविल!"

"आजी, वायू का तोडलास गं? सांधा काळा पडला ना!"

"ठोका का नाही दिलास?"

"एका हातात वेल्डिंगची टॉर्च, दुसऱ्यात सांध्यात भरायची तार. डोकं आपटू? सांधा मध्येच सोडायचा नाही, हाही तुझाच दंडक!"

मी मटकन खाली बसले. उठले ती यंत्र मागवायलाच.