वरच्या एक पूर्णांक चार

गुलसाना, चहा ओत आणि बस खाली, मध्येच उठलीस तर मी विसरेन कुठे होते ते. आणि तुम्ही दोघी दात काढू नका, मी आज बहुतेक नोकरी घालवून आलेय.

तर सोमवारी झूरा आपा आमच्या आकडेवारीच्या ऑफिसात आली. पेरिझातची आई. पेरिझात माहितीये ना, आठवीपर्यंत माझ्या बाकावर बसायची. मे महिन्यात नवऱ्याने बदडली, तीन दिवस दवाखान्यात होती, गेली. तिची चार वर्षांची पोर अजून त्याच घरात आहे, त्याच माणसापाशी, कारण तो मोकळा फिरतोय. त्याच्यावर केस आहे ती नुसती गंभीर दुखापतीची. झूरा आपा सरकारी वकिलाकडे गेली होती, म्हणाली, खुनाचं कलम लावा आणि माझी नात मला द्या. तर तो काय म्हणाला ऐका. म्हणाला, "आपा, आपल्या तालुक्यात खूनच झालेला नाही. आकडेवारीच्या ऑफिसचा कागद बघा, सप्टेंबरपर्यंत शून्य. वर्षाचा आकडाही तोच येईल."

म्हणून ती माझ्याकडे. बर्फातून चालत, बुटात पाणी गेलेलं. स्टोव्हजवळ बसवलं तर बसेना. म्हणे, "सालकिन, तो आकडा तुझ्या हातून निघतो ना? मग त्यात माझी मुलगी कुठे आहे ते दाखव."

मी काय दाखवणार? वर्षाचा तक्ता माझ्यासमोरच पडला होता. हे कसं करतात सांगते, सोपं आहे. पोलिसांकडून खुनांची संख्या येते. तिला तालुक्याच्या लोकसंख्येने भागायचं आणि लाखाने गुणायचं. लाखामागे किती, तो दर. पोलिसांनी शून्य पाठवलं की मी शून्याला भागते, शून्याला गुणते, सही करते. मग तेच शून्य वकील वाचतो आणि म्हणतो, खून नाहीच, केस कसली. पोलीस आमचा कागद दाखवणार, आम्ही पोलिसांचा दाखवणार, आणि मधल्या मधे पेरिझात गायब.

माझं डोकंच फिरलं. तशीच उठले आणि पोलीस ठाण्यात गेले.

कॅप्टन मेदेर दाढ दुखते म्हणून गालाला हात लावून बसला होता. मोठ्या भावाला म्हणावं तसं म्हटलं, "मेदेर बाइके, पेरिझात कुठल्या ओळीत आहे?"

"ओळ नऊ. गंभीर दुखापत. आम्ही काही लपवत नाही."

"पण ती मेली."

"मेली ती तीन दिवसांनी. केस नोंदली तेव्हा जिवंत होती. आणि मेली कशाने, ते दवाखान्याला विचार."

दवाखाना समोरच. तिथल्या रजिस्टरात काय असेल? जिन्यावरून पडून डोक्याला इजा. आणली कोणी, तर नवऱ्याने. सांगितलं कोणी, नवऱ्यानेच. म्हणजे कळलं का, पोलिसांच्या कागदावर मार आहे पण मरण नाही, दवाखान्याच्या कागदावर मरण आहे पण मार नाही. एक बाई दोन कागदांत अशी कापून ठेवली की कुठेच पूर्ण नाही.

परत ठाण्यात गेले तर मेदेर म्हणतो, "सालकिन, तू शिकलेली आहेस, मला एक सांग. आपली लोकसंख्या किती?"

"एक्केचाळीस हजार दोनशे."

"मग एक खून धरला तर दर किती?"

"दोन पूर्णांक चार."

"बघ. मेली एक आणि तू लिहिणार दोन पूर्णांक चार. वर प्रदेशाच्या ऑफिसात मला विचारतील, तुझ्या तालुक्यात काय कत्तलखाना आहे का? लहान तालुक्याला तुमचं गणित फार महाग पडतं."

आणि हसला. दाढ दुखत असताना हसला. जिभेवर आलेलं मी इथेही सांगत नाही.

ऑफिसात येऊन कपाट उपसलं. मला मूळ फॉर्म हवा होता, कारण आम्ही वापरतो त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. सापडला, चहाच्या डब्याखाली. उलटा केला तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं, दुखापत केल्याने नंतर मृत्यू झाला तर तो खुनाच्या ओळीत धरावा, आणि दोन कागदांत मेळ नसेल तर खाली शेरा लिहावा. मागच्या बाजूला. अकरा वर्षं आम्ही फक्त पुढची बाजू झेरॉक्स करतोय. मार्झिया एजेला दाखवलं. साहेब आहे माझी, तीस वर्षं त्याच खुर्चीत. चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली, "आणि मेळ नाही हे तू कशावरून म्हणणार? मारानेच मेली असं सांगणारं कोण आहे?"

तेव्हा मला बात्मा आपा आठवली.

बायकांची मयत झाली की शेवटची आंघोळ घालायला डोक्याशी तीच असते, खालच्या वस्तीत दुसरं कोणाला बोलवतच नाहीत. आणि घालणारीला मेलेल्या बाईचा एक कपडा द्यायचा, ते तर आहेच. बाकीच्या बायका तो वापरतात, नाहीतर नातीला देतात. मी गेले तर बात्मा आपा पीठ मळत होती. पेरिझातचं नाव घेतलं तसे हात धुतले, आतून पेटी ओढून आणली.

"हिचा निळा आहे," म्हणाली. "अंगाला लावला नाही. जिचं अंग असं असतं तिचा कपडा मी घालत नाही, वेगळा ठेवते."

म्हटलं, "असं म्हणजे कसं, आपा?"

"पोरी, पडलेली बाई एका बाजूला पडते. ही पाठीवर काळी होती, छातीवर काळी होती, आणि दोन्ही हात इथून इथपर्यंत. तोंडावर धरले असणार. जिन्याने काय चारी बाजूंनी मारलं का तिला?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"विचारलं कोणी? तू पहिली. दवाखान्याचा डॉक्टर दारात उभा राहून गेला. मी तिचे केस विंचरले."

पेटीत निळ्याखाली आणखी तीन कपडे होते, घड्या करून ठेवलेले, दोन वर्षांतले. मी ते बघितले आणि मग दुसरीकडे बघायला लागले.

तिने सांगितलं ते मी लिहिलं, तिने अंगठा नाही, नीट सही केली, वर म्हणाली, "अक्षर चांगलं काढ, माझं नाव आहे खाली."

आज सकाळी मार्झिया एजेपुढे तक्ता ठेवला. खून एक, दर दोन पूर्णांक चार, खाली शेरा. मला वाटलं आता फाडते. तिने वाचलं, परत वाचलं, मग लाल पेन घेतलं आणि शेऱ्यात माझ्या एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली.

"आणि हे एक्केचाळीस हजार," म्हणाली, "यात मॉस्कोला जाऊन झाडू मारणारे किती आहेत माहितीये? घरोघरीच्या वहीत बघितलं तर इथे राहतात सत्तावीस हजार. जो माणूस इथे नाही, तो इथे मारत नाही आणि मरतही नाही. तक्त्यात नियमाप्रमाणे दोन पूर्णांक चारच राहू दे. पण शेऱ्यात लिही, हजर माणसांवर काढला तर तीन पूर्णांक सात."

"एजे, मेदेर बाइके..."

"मेदेरला दाढ उपटायला सांग."

आणि तिने सही केली. मग मला म्हणाली, घरी जा, उद्या बघू तू आणि मी कुठे असतो ते. म्हणून मी या वेळेला इथे आहे.

पण सांगायचं ते पुढेच आहे. झूरा आपाला नक्कल द्यायला गेले. ती अक्षरं चाचपडत वाचते. आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "यातली एक माझी. वरच्या एक पूर्णांक चार कोणाच्या?"

मी लाखामागे वगैरे समजावायला घेतलं आणि सोडून दिलं. कारण मला ती पेटी दिसायला लागली.

उद्या दहा वाजता ती कागद घेऊन वकिलाकडे जाणार आहे. तिच्याबरोबर मी आहे आणि बात्मा आपा आहे, पेटी घेऊन. वकील म्हणेल, एका म्हातारीच्या शब्दाला काय किंमत. म्हणून आणखी कोणीतरी हवं.

गुलसाना, मी हे तुला एकटीला सांगणार होते, पण मला थांबवत नाही. पेटीत एक हिरवा आहे, बाहीला चांदीची बटणं, त्यातलं एक तुटलेलं. तुझ्या काकूचा ना तो? तू सांगितलं होतंस, छपरावर साठवलेलं गवत काढताना पडली. मार्चमध्ये. ते तर हिवाळ्यातच गुरांनी संपवलेलं असतं, मार्चमध्ये छपरावर गवत कुठून आलं?

चहा राहू दे. येशील का उद्या, तेवढं सांग.