दाजींचं गाऱ्हाणं

मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं, त्याच्या पुढच्या वर्षी वैशाखातल्या वादळाने खाडीकाठच्या आमच्या खाजणाचा बांध फोडला आणि सुगंधाच्या घराचं छप्पर माडांपलीकडे नेऊन टाकलं. सरकारने बांधावर पंधरा दिवसांचं रोजंदारीचं काम काढलं. सुगंधा एकटी बाईमाणूस, आमच्या पडवीत बिऱ्हाड मांडून होती. पंधरा दिवसांच्या मजुरीत पावसाआधी घरावर कौलांचे नळे चढतील, असा तिचा बेत होता.

माशी शिंकली ती पहिल्याच सकाळी. कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवंच. गावाच्या वतीने ते घालणाऱ्या गावकर दाजींनी नारळ ठेवला आणि दरवर्षीचं तोंडात बसलेलं म्हणून टाकलं, "बा देवा रवळनाथा, ह्यो बांध आवसेच्या उधाणाआदी पुरो होऊंदे."

"व्हय म्हाराजा," आम्ही सवयीने म्हणालो. सुगंधाही म्हणाली. अमावास्या सहा दिवसांवर होती.

देवाला शब्द दिल्यावर मागे कोण राहणार? एरवी तासाला विडी ओढणारा बाबलीसुद्धा मातीचं घमेलं घेऊन पळत होता. पाचव्या दिवशी बांध उभा राहिला. अमावास्येला उधाण आलं, बांधाला थडकलं आणि मुकाट परतलं.

कामावरचे सरकारी ओव्हरसियर साहेब खूश झाले. "उत्तम. आता पुढच्या दिवसांची गरजच नाही," म्हणत त्यांनी हजेरीपट मिटला. आमच्या गावाला काम करता येतं, पुरवून करता येत नाही.

सुगंधा बांधावरच बसली. "दाजी, देवान तुमचा ऐकल्यान. माज्या घराचा काय?"

मला दाजींचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. सगळ्यांत मोठ्याने होकार मीच भरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी गावाला सुगंधाच्या उघड्या घरापाशी बोलावलं. पुन्हा नारळ ठेवला. "बा देवा रवळनाथा, ह्या घरार छप्पर चढल्याशिवाय गावात खंयच्याच चुलीर मासो शिजाक नको."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो आणि मग एकमेकांची तोंडं बघत राहिलो. घरी माझ्या बायकोने, रुक्मिणीने, बांगडे साफ करून ठेवले होते.

मग काय विचारता. सुगंधाच्या मजुरीत आले तेवढे नळे, बाकी घराघरांतून आणलेली माडाची विणलेली झापं. बाबली वाशांवर चढला तो जेवायलाही उतरला नाही. ऊन कलायच्या आत छप्पर पुरं झालं.

गावातला मासळीचा पहिला धूर सुगंधाच्या घरातून निघाला. बांगडे आमचे होते.