थोरली, धाकटी आणि दारावरची पाटी

"स्क्रूड्रायव्हर घेऊन ये. पाटी उपटायची नाही, स्क्रू फिरवून काढायची. ओरखडासुद्धा उठायला नको तिच्यावर."

सकाळी बाबांनी बजावलेलं हे वाक्य दुपारभर तिच्या कानात घुमत होतं. जुनं घर विकलं गेलं होतं. नवे मालक आज संध्याकाळी दार बदलणार होते, आणि आई जाऊन वर्ष होत आलं तरी त्या दारावर अजून आईच्याच नावाची पाटी होती. "पाचच्या आत पोचते, बाबा. शब्द देते," असं ती म्हणून बसली होती. शब्द द्यायचा तर पाळायचा, नाहीतर द्यायचाच नाही, हे आईनंच शिकवलेलं.

आणि इथे ती सांभाळत असलेल्या इस्पितळाच्या सर्व्हर-रूममध्ये गाडं रुतून बसलं होतं.

इस्पितळाची सगळी माहिती दोन सर्व्हरवर असे. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली आडवी झाली की धाकटीनं पदर खोचून उभं राहायचं, अशी व्यवस्था तिनंच लावली होती. काउंटरवरच्या संगणकांनी दोघींचं मिळून एकच नाव घ्यायचं. ते नाव घेतलं की दोघींपैकी कुणाचा पत्ता द्यायचा, ते सांगणारी यादी मात्र नेटवर्क खात्याकडे. दुपारी थोरलीची डिस्क गेली. धाकटी लगेच उभी राहिली, अगदी ठणठणीत. तरी काउंटरवर एक रिपोर्ट उघडेल तर शपथ!

"ताई, लोक खायला उठलेत मला!" काउंटरवरच्या मावशी फोनवर कळवळल्या. "एका आजोबांना ऑपरेशनला आत घेत नाहीयेत, रक्ताचा रिपोर्ट दिसत नाही म्हणून. मुलगी रडतेय हो त्यांची."

तिनं आपल्या साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, "थोरलीच एकदा बंद करून चालू करून बघा की."

"साहेब, तिनं राम म्हटलाय."

"तरी बघा."

हसावं की रडावं तेच तिला कळेना. ती तडक नेटवर्कवाल्याच्या खोलीत गेली.

"आमच्याकडून सगळं ओके आहे," तिला बघताच तो म्हणाला. हे त्याचं 'या, बसा' होतं.

"ओके आहे, तर नाव विचारल्यावर तुमची यादी अजून थोरलीचाच पत्ता का सांगतेय?"

"बरोबरच आहे तो पत्ता. मी स्वतःच्या हातानं टाकलाय."

"तिथेच तर घोडं पेंड खातंय! धाकटी उभी राहिली की तिनं आपला पत्ता तिथे लिहायचा असतो. नोंद तुमच्या नावावर, म्हणून धाकटीला त्या नोंदीला हात लावायची परवानगीच नाही. बिचारी मघापासून दार ठोठावतेय."

"मशिनला यादीत हात घालू द्यायचा नाही, हा आमच्या खात्याचा नियम आहे. उद्या मशिन माझ्याच खुर्चीत बसेल."

"बसू दे. निदान काम तरी करेल."

तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"मी जिन्यावर बसलोय. कामवाले आलेत. म्हणतात, पाचला दार काढणार, पाटीसकट. पहार घेऊन आलेत गं."

"मी येतेय, बाबा. त्यांना थोडं थांबवा."

"तुझी आई असती तर थांबले असते. माझं कोण ऐकतंय?"

फोन ठेवून ती वळली. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. आत्ताही चढला नाही.

"नोंद पुसा. धाकटीला हक्क द्या. ती आपली आपण लिहील. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा."

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नोंद पुसली. धाकटीनं लगोलग आपला पत्ता लिहिला. पण काउंटरवरच्या संगणकांनी जुना पत्ता घोकून ठेवलेला. तो एकेकाला विसरायला लावणं आलं. एका काउंटरवरून दुसऱ्यावर ती धावत राहिली. लोकांची बोलणी खाल्ली, मावशींच्या बाटलीतलं पाणी प्यायली.

"आला गं बाई रिपोर्ट!" मावशी खुर्चीतून उठल्याच. आजोबांची मुलगी छापलेला कागद घेऊन पळाली.

औषधांचा काउंटर तेवढा राहिला होता. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पाचला जेमतेम अर्धा तास उरला होता. नेटवर्कवाला मागे येऊन उभा होता.

"तो मी करतो. तुम्ही कुठे निघालात एवढ्या घाईनं?"

"एक पाटी काढायचीय. दारावरची."

"कुणाची?"

"आईची."

पिशवीतून डोकावणारा तिचा बारका स्क्रूड्रायव्हर त्याला दिसला. "यानं नाही व्हायचं. जुने स्क्रू गंजलेले असतात." त्यानं आपल्या खोलीतून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची चपटी बाटली आणून दिली. "आधी दोन थेंब सोडा. मग हळूहळू फिरवा."

तिनं दोन्ही वस्तू रुमालात गुंडाळल्या. मागे काउंटरवर कुणीतरी पुन्हा "ताई!" अशी हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. पिशवी छातीशी धरून ती फाटकाबाहेर पडली आणि जुन्या घराच्या रस्त्याला लागली.