लाल रबरावरचं कुंकू

मी एक रबर बोलतोय. पेन्सिलीचं खोडणारा नव्हे, टेबल टेनिसच्या बॅटीवर चिकटवतात तो. रंग लाल, वरची कातडी चिकट आणि खाली कडक पण उसळता स्पंज. अशा दोन गुणांच्या मिश्र जातीला दुकानात हायब्रिड म्हणतात. मला कौतुकानं निवडलं गेलं आणि ज्या पोरीनं निवडलं तिचंच माझ्यामुळे वाटोळं झालं. मला हात नाहीत, म्हणून माझ्या हातून घडलं असं म्हणता येत नाही. पण घडलं ते माझ्याच अंगावर.

अंधेरीतल्या एका दुकानात प्रांजल मला पहिल्यांदा भेटली. दिंडोशीच्या वसाहतीत राहणारी अठरा वर्षांची पोर. सोबत तिचे कोच, सगळे त्यांना भाऊ म्हणत. माणूस प्रेमळ, पण जीभ कात्रीसारखी.

"भाऊ, हा घेऊ ना? एकदम फास्ट आहे," प्रांजल पहिलं पाकीट उचलून म्हणाली.

"फास्ट कशाला? बॉल काय बोरिवलीला पाठवायचाय तुला? तू मारत नाहीस गं, तू घासतेस. बॉल घासून वर उचलतेस, म्हणून तो समोरच्याच्या टेबलावर पडल्यावर उसळतो. तुला बॉल धरून ठेवणारा रबर पाहिजे."

"मग हा?" दुसरं पाकीट.

"हा धरतो, पण सोडत नाही. मेलेला आहे. सगळा जोर खांद्यातून काढशील, दोन महिन्यांत खांद्याची वाट लागेल."

मग माझा नंबर लागला. भाऊंनी बॉल माझ्यावर दाबला आणि मला उलटा धरला. बॉल क्षणभर लटकला आणि मग सुटला. "हा धरतो पण आणि फेकतो पण. झकास! पण एक ऐक, ह्याची सगळी करामत ह्या चिकटपणात आहे. पाण्यानं पुसायचा, वर प्लास्टिकची फिल्म लावायची. तेलाचं बोट लागलं की खलास. घरी सांगून ठेव."

"हो भाऊ, सांगते."

ती सांगायची विसरली. तिला तरी काय बोल लावणार? घरात बॅटीला कोण हात लावणार होतं?

पुढचे सात महिने आम्ही दोघांनी मैदान मारलं. तिचं मनगट फिरायचं, मी बॉलला घट्ट धरायचो आणि समोरच्या मुलींचे परतीचे बॉल छताकडे उडायचे. प्रत्येक मॅचला तिची आई, शुभा, येऊन बसायची. घरी ब्लाऊज शिवणारी ही बाई. तिला गुण कळायचे नाहीत. ती फक्त लेकीच्या तोंडाकडे बघायची. तोंड हसलं की टाळ्या वाजवायची. माणसांचं मला हेच कळत नाही. ज्याच्यावर जीव टाकतात, त्याच्याबद्दल विचारायला मात्र विसरतात.

राज्याच्या ज्युनियर संघाची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. प्रांजलचं वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही, हे घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ झालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी वडील खाली रिक्षाला तोरण बांधत होते. प्रांजल आपट्याची पानं आणायला गेली होती. शुभानं रिवाजाप्रमाणे शिलाई मशीन पुसलं, कात्री आणि विळी पाटावर मांडली. मग तिची नजर बॅटीच्या पिशवीवर गेली. आजवर तिनं बॅटीची पूजा कधी केली नव्हती. पण उद्याची मॅच तिच्या काळजात घर करून बसली होती.

तिनं मला पाटावर ठेवलं. "देवासमोर प्लास्टिक कसला?" असं पुटपुटत फिल्म सोलली. मला धडकी भरली. हळदीचं बोट टेकलं, कुंकवाचं टेकलं, अक्षता पडल्या. तिनं हात जोडले. "माझ्या बायला यश दे रे महाराजा."

अक्षता झटकायला गेली तर त्या निघेनात. हळद-कुंकवाचा माझ्या अंगावर लगदा झाला होता. "अरे देवा, ह्यां काय झाला!" तिचं तोंड पांढरं पडलं. ओलं फडकं फिरवलं असतं तर मी वाचलो असतो. पण कपाळावरचं कुंकू कशानं निघतं, हे बायकांना जन्मापासून माहीत असतं. ती फडताळाकडे वळली आणि खोबरेलाची बाटली घेऊन आली.

किती मायेनं तिनं मला चोळलं! कापसानं कोरडं केलं, फिल्म परत नीट बसवली. लालावर लाल मिसळून गेलं, कुठं डाग दिसला नाही. तिनं सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र मेलो होतो, आणि उद्या ते फक्त एका पोरीला कळणार होतं.

सकाळी हॉलवर बॅटी तपासणीला जमा झाल्या. कुणीतरी माझी जाडी मोजली, रंग पाहिला आणि बाजूला ठेवलं. प्रांजलनं मैत्रिणीच्या बॅटीनं हात मोकळा केला. मी तिच्या हाती आलो तो थेट टेबलापाशी, मॅचच्या आधीच्या दोन मिनिटांत. तपासून झालेली बॅट आता बदलता येणार नव्हती.

पहिलाच बॉल माझ्यावरून सटकून जाळीत गेला. दुसराही. तिनं मला नाकाशी नेलं आणि ती जागच्या जागी थिजली. तो वास तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी त्याच वासाच्या हातांनी तिची वेणी घातली जायची.

भाऊ धावत आले. बोट फिरवलं आणि भडकले. "तेल? कोणी हात लावला ह्याला? कोणी?"

प्रांजलनं वर पाहिलं. तिसऱ्या रांगेत शुभा हात जोडून बसली होती.

"मीच, भाऊ. चुकून. केसांना लावलेला हात लागला."

"अक्कल आहे का तुला?"

तासभर ती बॅकहँडनं, बॅटीच्या दुसऱ्या, काळ्या रबराच्या बाजूनं लढली. पाचव्या, म्हणजे शेवटच्या गेमपर्यंत ओढत नेलं. शेवटचा बॉल नेमका माझ्या वाट्याला आला. मी तो सोडला, आणि त्याच्याबरोबर तिची संघातली जागाही गेली.

घरी जाताना शुभा म्हणाली, "काल पूजा केली ना मी बॅटीची, म्हणून पाचव्यापर्यंत तरी गेलीस बघ."

"हो गं आई," प्रांजल म्हणाली. भाऊंनी तिच्याशी बोलणं टाकलं, तरी तिनं कुणाचं नाव घेतलं नाही.

महिन्याभरानं तिनं मला बॅटीवरून ओरबाडून काढलं. शुभानं कचऱ्यातून उचललं. "टाकतेस कशाला गो? झाकणां उघडूक बरो पडात." प्रांजलनं माझ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "घे."

तेव्हापासून मी स्वयंपाकघरात आहे. साबणानं धुऊन धुऊन पकड थोडी परत आली. घट्ट झाकणं मी मुकाट उघडतो आणि ह्या दिवसाची वाट बघतो.

तो दिवस आज आला. शुभा बांगडे तळत होती. तेलकट हातानं तिनं मला मसाल्याच्या बरणीवर धरलं आणि मी घसरलो. पुन्हा धरलं, पुन्हा घसरलो. "तेल लागला की ह्याची पकडच जाता," ती स्वतःशी म्हणाली.

आणि तिची नजर फडताळातल्या खोबरेलाच्या बाटलीवर गेली.

तिनं गॅस बंद केला. मला धुतलं, पुसलं, झाकण फिरवलं. ते उघडलं. तरी ती तशीच उभी आहे, मला मुठीत धरून.

दारात चपला काढल्याचा आवाज आलाय. प्रांजल आली. पोरी, माझं आता काही राहिलं नाही, मला फेकून दे. पण ही बाई आता तुला एकच गोष्ट विचारणार आहे. त्या दिवशी भाऊंशी बोललीस तशी आणखी एकदा खोटं बोल.