नवरोबा आणि आनंदग्राम

पादरा गावाच्या रस्त्यावर 'आनंदग्राम' नावाची म्हाताऱ्यांची वसाहत निघाली आहे, तिथे कोणी दुःखी नसतं, असं माझ्या मुलाने, केयूरने, मला पटवलं. महिनाभर राहून बघायचं, आवडलं तर पाणीगेटचं घर विकायचं, असं ठरलं. गिऱ्हाईक त्याने बघूनही ठेवलं होतं. माझी शाळेपासूनची मैत्रीण निरुपमा आधीच तिथे होती, म्हणून मीही आढेवेढे घेतले नाहीत. कपडे, औषधं आणि यांचा फोटो घेऊन गेले.

हे म्हणजे श्रीपतराव. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून शेंगा सोलण्यापलीकडे काही केलं नाही. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, बिनकामाचा. "तुम्ही दोन्ही भाषांत नवरे आहात," असं मी म्हटलं की ते खूश होऊन अर्धे दाणे माझ्या हातावर ठेवत. हयातीत मी त्यांना 'अहो' म्हणत असे. ते गेल्यावर धीर आला आणि फोटोला 'नवरोबा' म्हणू लागले.

आनंदग्रामातल्या पहिल्या सकाळी मी फोटोला म्हटलं, "उठा नवरोबा, चहा झाला."

भिंतीवरच्या डबीतून गोड आवाज आला, "बा, नवरां छो? चालो, हसवा." म्हणजे, आजी, रिकाम्या आहात? चला, हसायला.

पिवळ्या सदऱ्यातली एक मुलगी आली आणि रिकाम्या बाला बागेत घेऊन गेली. तिथे सगळे हात वर करून हसत होते. परतले तेव्हा चहावर साय धरली होती. दुपारी नवरोबांना जेवण अळणी होतं असं सांगितलं, तर मला मणी ओवायला नेलं. रात्री त्यांना निजा म्हटलं, तर गरब्याला. कोणीही नवरं बसायचं नाही, हा तिथला एकच नियम होता, आणि डबी फक्त गुजराती ऐकत होती.

मणी ओवताना निरुपमा शेजारी होती. ही बाई एकेकाळी आपल्या मोहनरावांना अशा शिव्या घालायची, की ऐकणाऱ्याची बस चुकायची. मी सहज विचारलं, "तुझा नवरा शेवटी काय गं..." तिने माझा हात दाबला.

"मिस्टर म्हण. नाहीतर दोघींना योगासनांना नेतील."

मग डबीकडे बघून मोठ्याने म्हणाली की आपण अगदी मजेत आहोत. थोड्या वेळाने माझ्या कानाशी आली. "त्यांना मनसोक्त शिव्या देऊन किती दिवस झाले गं," म्हणाली, आणि पुन्हा हसरा चेहरा करून मणी ओवू लागली. तो चेहरा मी बागेत पन्नास जणांवर पाहिला होता.

मी योगिनीबेनकडे तक्रार केली. त्या तिथल्या व्यवस्थापक. त्यांनी मायेने समजावलं की माणूस नवरा राहिला की विचार करतो आणि विचार केला की रडतो. डबीला मराठी शिकवायला वेळ लागेल, तोवर मीच फोटोला दुसरं काही म्हणावं. काय म्हणू, असं विचारलं तर म्हणाल्या, "फ्रेंड."

दुसऱ्या सकाळी करून पाहिलं. "उठा फ्रेंड, चहा झाला." डबी गप्प. चहा गरम. पण श्रीपतराव असे बघत होते, जसा चुकीच्या घरात शिरलेला पाहुणा बघतो. चहा मला गेला नाही. मी पिशवी भरायला घेतली आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "चला नवरोबा, घरी."

"बा, नवरां छो?"

"हा," मी डबीला म्हटलं, "अने रहेवानी." आहे, आणि राहणारच.

फाटकापर्यंत निरुपमा पोचवायला आली. रविवारी पाणीगेटला येते म्हणाली. मोहनरावांबद्दल खूप साठलंय.

घरी येऊन हिंचक्यावर बसले. शेंगा होत्याच. एवढ्यात केयूरचा फोन आला. महिना पुरा व्हायच्या आत परत का आलीस, काय चाललंय तुझं, असं तो विचारत होता.

"काही नाही रे," मी म्हटलं. "नवरी आहे."

केयूर शिकला गुजराती शाळेत आणि वाढला माझ्या हाताखाली. त्याने यातला कोणता अर्थ घेतला कोण जाणे, पण म्हणाला, "मग गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणून सांगतो."