फुंकू नका, बाबा

रुची गोंदियाला वकिलीच्या पहिल्या वर्षाला होती. सालेकशाकडच्या गावात तिचे वडील मुन्नालाल तेवढ्यावरच इतके खूश होते, की विजेचं बिल जास्त आलं तरी आधी तिला फोन करायचे. तिला ते आवडायचं. माहीत नसलेल्या गोष्टीचंही ती ठणकावून उत्तर द्यायची.

एप्रिलमधल्या एका सकाळी मुन्नालाल वाळलेल्या मोहफुलांची पोती गाडीत टाकून आमगावच्या व्यापाऱ्याकडे निघाले. आदल्या दिवशी त्याच रस्त्यावर एका दारू प्यायलेल्या ड्रायव्हरनं दोघांना उडवलं होतं, म्हणून भरदिवसा नाकाबंदी होती. फौजदारानं काच खाली करायला लावली आणि मोहाचा दारूसारखा वास भसकन त्याच्या नाकात गेला. पोती दाखवूनही त्याचा संशय फिटेना. त्यानं श्वास तपासायचं यंत्र पुढं केलं. मुन्नालाल जन्मात दारूला शिवले नव्हते. फुंकलं असतं तर दोन मिनिटांत सुटले असते. पण त्यांनी रुचीला फोन लावला.

"मशीनमंदी फुंकाले सांगून राहिले. फुंकू का नोको?"

कुण्या परदेशी वकिलाचा व्हिडिओ तिनं मोबाइलवर पाहिला होता. "फुंकू नका, बाबा," ती म्हणाली. "नाही म्हणायचा तुमचा हक्क आहे."

मुन्नालालांनी तेच फौजदाराला ऐकवलं आणि त्यांना अटक झाली. भर बाजाराच्या दिवशी ओळखीच्या लोकांनी त्यांना पोलिसांच्या जीपमध्ये बसलेलं पाहिलं. सरकारी दवाखान्यात रक्त काढलं, संध्याकाळी जामीन झाला.

दुसऱ्या दिवशी रुचीनं कॉलेजात कायदा उघडून वाचला. संशयाला कारण असेल तर वर्दीतला अधिकारी फुंकायला सांगू शकतो. नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक करू शकतो, आणि तो नकार कोर्टात आपल्याच अंगावर येतो. हक्क होते, पण वेगळेच: अटकेचं कारण विचारायचा, घरी कळवायचा, डॉक्टरकडून रक्त तपासून घ्यायचा, जामिनाचा. त्यातला एकही तिनं बापाला सांगितला नव्हता.

महिन्याभरानं अहवाल आला. रक्तात दारू नव्हती. प्रकरण मिटलं, पण तोवर गावच्या भजनमंडळानं मुन्नालालांना दर शनिवारच्या भजनाला बोलावणं सोडून दिलं होतं. ते मात्र भेटेल त्याला सांगत, माझ्या पोरीनं बरोबरच सांगितलं होतं, पोलिसांनीच ऐकलं नाही. सुटीत घरी आलेल्या रुचीला ते ऐकवेना. एका दुपारी तिनं खरं काय ते सांगून टाकलं.

मुन्नालाल पोत्याचं तोंड शिवत होते.

"'माईत नाही' म्हनाले तुहं काय जात होतं?"

"लाज वाटली, बाबा."

रुची अहवाल घेऊन भजनमंडळ चालवणाऱ्या भैयाजींकडे गेली, चूक माझी होती म्हणाली. भैयाजींनी कागद वाचला, बरं झालं म्हणाले, चहा पाजला.

त्या शनिवारी मुन्नालाल धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसले. बोलवायला कोणी आलं नाही.